आईचं हं

माझ्या आईचा आवाज जगात एकाच ठिकाणी उरला होता, आणि तिथेही ती फक्त ‘हं’ म्हणत होती.

नीट सांगते. आमचे अण्णा गोष्टी सांगायचे, तोच त्यांचा धंदा. शाळेत, सभागृहात, कुणाच्या अंगणात, बोलावतील तिथे. राजांच्या, चोरांच्या, लांबलचक गोष्टी. आता गोष्ट म्हटली की समोर हुंकार द्यायला माणूस लागतं. ‘हं’ आलं नाही की अण्णांची गाडी तिथेच अडायची. भिंतीला काय सांगायचं, म्हणायचे. हे काम आईचं. अण्णा वाक्य संपवून थांबणार, आई ‘हं’ म्हणणार, मग पुढचं वाक्य. तिचं हं तरी एक प्रकारचं होतं का? घाबरलेलं, लटक्या रागाचं, ‘काहीतरीच सांगता’ असं सुनावणारं. तिला पेंग आली की हं लांबत जायचं आणि अण्णा मुद्दाम मध्येच राक्षस घुसवायचे.

मी शाळेत असताना आवाजघराची माणसं टेप घेऊन आमच्या घरी आली होती. आवाजघर म्हणजे सरकारी ध्वनिसंग्रहालय, पण तसं कुणी म्हणत नाही. त्यांनी अण्णांच्या सगळ्या गोष्टी भरून घेतल्या. आईला म्हणाले, तुम्हीही चार शब्द बोला. ती म्हणाली, मी कशाला? पुढच्याच वर्षी ती गेली. तेव्हा काही घरोघरी मोबाइल नव्हते. तिचे फोटो राहिले, आवाज राहिला तो त्या टेपांमध्ये.

मग अण्णा अधूनमधून आवाजघरात जाऊन बसायचे आणि आपलीच गोष्ट लावायला सांगायचे. तिथल्या लोकांना वाटायचं, म्हातारा स्वतःवरच खूश आहे. अण्णांनी कधी खुलासा केला नाही. बायकोला भेटायला येतो, असं कुणी सांगतं का?

पुढे आवाजघर नूतनीकरणासाठी बंद झालं. दारावर ‘आम्ही काळाबरोबर चालतो आहोत’ अशी भली मोठी पाटी लागली. ते चालेपर्यंत इकडे अण्णांची नजर गेली आणि आठवणही झिरपायला लागली. एकदा मी मशीनवर बसले होते, मी शिवणकाम करते, तर मागून म्हणाले, “तुझ्या आईचा आवाज कसा होता गं? चेहरा दिसतो, आवाज येत नाही.” मी म्हटलं, आवाजघर उघडलं की नेते तुम्हाला.

उघडलं तेव्हा त्यांनी आपणहून बोलावलं. जुन्या कपाटांच्या जागी काचेच्या भिंती, पडदे, मऊ खुर्च्या. संचालकबाई वयाने लहान, पण बोलायला अगदी अदबशीर. त्यांनी अण्णांचा हात धरून पहिल्या खुर्चीत बसवलं. यंत्र सांभाळणारा एक तरुण होता, गळ्यात हे एवढे मोठे हेडफोन. मी मनात त्याचं नाव कानवाला ठेवलं. त्याने ते हेडफोन अण्णांच्या कानांवर चढवले. अण्णांनी आधी सदऱ्याची कॉलर सारखी केली, केसांवरून हात फिरवला.

गोष्ट सुरू झाली. अण्णा जिवाचा कान करून ऐकत होते. हळूहळू त्यांच्या कपाळावर आठी चढली.

“हा कुणाला सांगतोय?” त्यांनी विचारलं.

मी हेडफोन काढून माझ्या कानाला लावला. अण्णांचा तरणा आवाज, लख्ख, घासूनपुसून ठेवलेला. राजा, राजाची राणी, राणीचा हट्ट, सगळं धडाधड. मध्ये कुणीच नाही.

कानवाला कौतुकाने सांगायला लागला. मूळ टेपमध्ये एका बाईंचा सारखा व्यत्यय येत होता म्हणे. पंख्याची घरघर, नळाची टपटप, तसाच तोही पुन्हा पुन्हा येणारा आवाज, त्यामुळे यंत्राने आपोआप ओळखला आणि काढला. मधल्या रिकाम्या जागाही मिटवल्या, कारण हल्ली लोक थांबत नाहीत, पुढे सरकतात. माझ्या तळपायाची आग मस्तकात गेली. मी म्हटलं, व्यत्यय? ती माझी आई आहे.

मूळ टेपा कुठे आहेत, विचारलं. संचालकबाईंनी खाली बघत सांगितलं की टेपांना बुरशी लागली होती, खोली हवी होती, साफ केलेली नक्कल तेवढी ठेवून त्या नियमाप्रमाणे नष्ट केल्या. आम्हाला माहीत नव्हतं हो, म्हणाल्या आणि त्यांच्या डोळ्यांत पाणी आलं. मला त्या पाण्याचाही राग आला. त्यांनी रडायचं तर मी काय करायचं?

कानवाला मनाने वाईट नव्हता. तो चाचरत म्हणाला, “ताई, तुमचा आवाज आईंसारखा असेल ना? तुम्ही हं म्हणा, मी भरतो. जुना करून देतो, कळणारसुद्धा नाही.”

मी त्याची चांगली हजेरी घेणार होते, पण अण्णा उठले. गोष्ट तेवढी घरी द्या, म्हणाले. त्याने ती माझ्या मोबाइलवर घालून दिली.

घरी आल्यावर अण्णा पलंगावर बसले आणि मला समोर बसवलं. लाव, म्हणाले, आणि हं तू म्हण. मी लावलं. एक राजा होता. मी तोंड उघडेपर्यंत राजा शिकारीला निघालासुद्धा. पुन्हा प्रयत्न केला, तर माझं हं त्यांच्याच शब्दावर आदळलं. कापड बेतताना शिलाईसाठी थोडी माया सोडतात, नाहीतर जोड बसत नाही. इथे कुणी माया सोडलीच नव्हती. अण्णा मोबाइलच्या दिशेने हात उंचावून सांगत होते, अरे थांब जरा, तिला बोलू दे. आपल्याच आवाजाला विनवत होते. मला बघवेना. मी ते बंद केलं.

म्हटलं, अण्णा, तुम्हीच सांगा, मी आहे ना.

त्यांनी घसा खाकरला. “एक राजा होता.” आणि थांबले.

“हं,” मी म्हटलं.

ते कान देऊन बसून राहिले. मग मान हलवली.

“नाही गं. असं नव्हतं.”

“मग कसं होतं, अण्णा?”

त्यांचे ओठ हलले. दोनदा काहीतरी म्हणून बघितलं, पण आवाज फुटला नाही.

“तेच आठवत नाही,” ते म्हणाले. “म्हणून तर गेलो होतो.”