अपूर्ण टोपी म्हणे!

मित्रांनो, मी एक जुनी चकती आहे. काळ्या नमद्याची, ताटाएवढी, मध्ये डोकं मावेल एवढं भोक असलेली. मी टोपी नाही. हे आधीच सांगून टाकते, कारण थॉर्नशॉच्या वाचनालयात मला ज्या काचेच्या पेटीत ठेवलंय, तिच्यावर चिठ्ठी डकवली आहे, ‘अपूर्ण टोपी’. अपूर्ण! पोरं येतात, काचेला नाक लावतात, ‘हिचा वरचा भाग कुठे गेला?’ म्हणतात आणि शेजारच्या भुसा भरलेल्या घुबडाकडे पळतात. त्या घुबडाने जन्मात काय दिवे लावलेत, देव जाणे. मी मात्र बिशप झाले, दर्यासारंग झाले, नवरदेव झाले, विधवा झाले. आणि माझ्या नावापुढे काय? अपूर्ण टोपी. डोकं फिरतं हो माझं. म्हणजे, असतं तर फिरलं असतं.

थॉर्नशॉ हे मँचेस्टरजवळचं, टोप्यांचं गाव. सशाचे केस वाफेवर आणि उकळत्या पाण्यात मळून मळून इथे नमदा, म्हणजे टोपीचं जाड कापड, करायचे. मीही रीतसर टोपी म्हणूनच जन्मले होते. पण साच्यावर ओढताना माझा वरचा भाग टरकन फाटला. मुकादम टॅटरसॉलने मला उलटसुलट करून पाहिलं, ‘वाया गेली,’ म्हणाला आणि भंगारात भिरकावलं. जन्मल्या दिवशीच हे ऐकायला मिळालं की माणूस काय, चकतीसुद्धा तिरसट होते.

मला उचललं एनॉक हॅस्लमने. कारखान्यात साचे पुसण्याचं काम करणारा, काटकुळा, कान मोठे असलेला एनॉक. त्याची थोरली बहीण झिला तिथेच टोप्यांना अस्तर आणि फीत शिवायची. आईबाप गेल्यावर तिनेच त्याला वाढवलं होतं. झिला हसायची नाही. कामाला मान खाली, रविवारी चॅपलमध्ये प्रार्थना, सोमवारी धुणं, संपलं. त्या दिवशी एनॉकने मला एक पीळ दिला, एक दुमड घातली आणि डोक्यावर चढवलं. मी झाले मुकादमाची गोल टोपी, आणि एनॉक झाला टॅटरसॉल! तेच पोट, तेच नाक ओढणं, तीच चाल. झिलाने बघितलं आणि ॲप्रनमध्ये तोंड खुपसलं. खांदे गदागदा हलायला लागले. एनॉक ते बघतच राहिला. तोवर खुद्द टॅटरसॉल मागे येऊन उभा होता. झालं, नोकरी गेली. पण एनॉक मला शर्टात लपवून घरी घेऊन आला, आणि वाटभर त्याचं एकच, ‘झिला हसली! बघितलंस ना? झिला हसली!’

असा तो नकलाकार झाला आणि मी त्याची जोडीदारीण.

मित्रांनो, आमचं काम सोपं नव्हतं. थिएटरातल्या बँडवाल्यांनी सुरावट बदलली की तेवढ्यात माझी नवी टोपी व्हायची आणि एनॉकचा नवा माणूस. दोन्ही बाजूंनी दुमडलं की दर्यासारंग. तिरकं ओढलं की पोस्टमन. एनॉकचे हात मला पाठ होते आणि मी त्याला. पण गाणी, नकला असं एकामागून एक चालणाऱ्या त्या कार्यक्रमात आम्हाला बारी मिळायची ती दुसरी, लोक अजून खुर्च्या शोधत असतात तेव्हाची. ‘जरा सरका हो’, ‘पाय काढा की’, ‘छत्री लागतेय’ यांच्यामधून आम्ही बिशप करायचो. कोण बघतंय!

मग एकदा त्याने खानावळवाली काढली. नाटकवाल्यांना गावोगावी ज्यांच्याकडे उतरावं लागतं, तसली घरमालकीण. मला बायकी टोपडं करून, कमरेवर हात ठेवून तो म्हणायचा, ‘अंडं? अहो, कालच तर तुमच्या शेजारच्या पाहुण्यांनी खाल्लं की!’ लोक लोळायचे. झालं, तेव्हापासून बिशप नको, सारंग नको, कोणी नको. ‘खानावळवाली! खानावळवाली!’ माझ्यात पन्नास टोप्या दडलेल्या, आणि रोज एकच टोपडं. वीट आला होता मला. पण तिच्याच जोरावर एनॉकचं नाव थिएटरच्या फलकावर वर वर सरकत गेलं.

त्याला मात्र एकच ध्यास. झिलाने एकदा येऊन बघावं. आता चॅपलची माणसं थिएटरची पायरी चढत नाहीत. पण त्याने इतकी वर्षं भुणभुण लावली की एक दिवस ती करवादली.

‘हे बघ, आपल्या गावात, फलकावर सगळ्यात वर तुझं नाव लागलं ना, की येईन. एकदाच. मग चॅपलवाले काय बोलायचं ते बोलोत.’

‘नक्की?’

‘आणि लोक हसले नाहीत तर मी उठून जाईन. तुझी फजिती बघायला मी सगळ्यांशी भांडण काढणार नाही.’

आणि तो आठवडा उजाडला. थॉर्नशॉच्या थिएटरवर सगळ्यात वर, ठळक अक्षरांत, एनॉक हॅस्लम. झिला सोमवारी संध्याकाळी येणार होती.

आता आमच्या धंद्यातली एक रीत ऐका, कारण सगळं घोडं तिथेच अडलं. सोमवारी सकाळी सगळे कलावंत बँडबरोबर तालमीला येतात. प्रत्येकाने आपल्या गाण्याचे कागद रंगमंचाच्या कडेला दिव्यांपाशी ओळीने मांडायचे. ज्याचे कागद पहिले, त्याची तालीम पहिली. आणि दोघांचं गाणं किंवा नक्कल एकच निघाली, तर ज्याचे कागद आधी पडले त्याची. दुसऱ्याने आठवडाभर तिला हात लावायचा नाही. नाव कितीही मोठं असो.

एनॉकला हे ठाऊक नव्हतं का? चांगलं ठाऊक होतं! पण त्या सकाळी हा गेला झिलाकडे. सोमवार म्हणजे धुण्याचा वार, कारखान्यात ती दुपारनंतरच जायची. अंगणात चादरींचा ढीग, पिळायच्या यंत्रापाशी झिला.

‘आलाच आहेस तर दांडा फिरव,’ ती म्हणाली.

‘फिरवतो की.’

‘तुला तालमीला नाही जायचं?’

‘फलकावर सगळ्यात वर कोण आहे, झिला? थांबतील.’

मी बॅगेत नुसती तडफडत होते. अरे, थांबतील काय! पळ! पण हा दांडा फिरवतोय, चादरी पिळतोय, संध्याकाळी थिएटरात यायचं म्हणून ती घाबरलेली, तिला हसवायला बघतोय. शेवटी आम्ही पोचलो तर दिव्यांपाशी कागदांची रांग लागलेली, आणि रांगेत पहिला लायोनेल डिअरिंग. गुळगुळीत केसांचा, तरुण, हसरा. वर्षभरापूर्वी आमच्या खेळाला पहिल्या रांगेत बसून असायचा. बँडवाले त्याचंच वाजवत होते आणि तो कमरेवर हात ठेवून म्हणत होता, ‘अंडं? अहो, कालच तर...’

‘थांबवा!’ एनॉक ओरडला. ‘ही माझी आहे!’

लायोनेल म्हणाला, ‘खानावळवाल्या काय तुमच्या एकट्याच्या मालकीच्या आहेत, काका?’

चोर तो चोर, वर शिरजोर! एनॉकने बँडमास्तर पिल्किंगकडे बघितलं. म्हाताऱ्याने चष्मा पुसला.

‘मला दिसतंय सगळं, हॅस्लम. पण कागद त्याचे आधी पडलेत. तूच तरुणपणी या रीतीवर एका बड्या गवयाचं गाणं बंद पाडलं होतंस. आठवतंय?’

एनॉकला आठवत होतं. त्याने आपले कागद रांगेच्या शेवटी ठेवले.

संध्याकाळी विंगेतून आम्ही बघत होतो. तिसऱ्या रांगेत झिला, चॅपलची टोपी घालून, हातपिशवी मांडीवर घट्ट धरलेली. आजूबाजूला सगळा कारखाना. लायोनेलने आमची खानावळवाली केली. आमचेच शब्द, आमचाच ठेका. लोक खदखदून हसले. आणि मग मी ते बघितलं. झिलाने रुमालात तोंड खुपसलं होतं. खांदे गदागदा हलत होते.

एनॉकने मला इतकं आवळून धरलं की माझी कड दुखली. ज्या हसण्यासाठी जन्म काढला, ते या आयत्या बिळावरच्या नागोबाने नेलं. सांगा, कुणाचं डोकं ठिकाणावर राहील?

आमची बारी आली. बिशप केला. चार टाळ्या. दर्यासारंग केला. कुणीतरी खोकलं. वरच्या गॅलरीतून एकजण ओरडला, ‘एनॉक, अरे खानावळवाली झाली, आता तुझ्याकडे काय उरलं?’ लोक त्या शेऱ्यावर हसले. झिलाने हातपिशवी उचलली. ती उठणार होती, बोलल्याप्रमाणे.

बँडवाले पुढच्या सुरावटीसाठी थांबले. एनॉकने त्यांना हातानेच गप्प केलं. मग त्याने मला डोक्यावर चढवलंच नाही. लांब धरलं, हाताच्या अंतरावर, आणि एक डोळा मिटला. मी चक्रावले. हे काय नवीन? मग त्याने खिशातून नसलेली सुई काढली, दोरा ओवला, टाके घालत एक भजन नाकातल्या नाकात गुणगुणलं. दोरा दातांनी तोडला. मला उलटं केलं, आत एक फुंकर मारली, कडेवर थाप दिली आणि करड्या आवाजात म्हणाला, ‘जा बाई, कुणाचं तरी डोकं शोभव.’

मागून एक बाई किंचाळली, ‘अगं बाई, ही तर झिला!’

आणि काय सांगू मित्रांनो, छप्पर उडायचं बाकी राहिलं. तीस वर्षं तिच्याशेजारी बसून शिवणाऱ्या बायका एकमेकींच्या अंगावर पडून हसत होत्या, डोळे पुसत होत्या. त्या दिवशी मी ना वळले, ना दुमडले. मी जशी होते तशीच, भोकासकट, पुरी टोपी झाले होते. सगळ्यांना दिसली ती टोपी!

एक झिला तेवढी हसत नव्हती. ती उठली आणि त्या गदारोळातून चालत बाहेर गेली.

खेळ संपल्यावर ती मागच्या दाराशी उभी होती. एनॉक रंग न पुसताच धावला.

‘झिला, मी...’

‘मी दोरा दातांनी तोडते?’

‘तोडतेस.’

‘आणि भजन नाकातून म्हणते?’

‘नाकातूनच.’

ती म्हणाली, ‘मला कुणी एवढं निरखून बघत असेल, असं वाटलंच नव्हतं कधी.’ तिने हातपिशवी छातीशी धरली. ‘पण मला उद्या त्याच बाकावर बसून शिवायचंय, एनॉक. आता दोरा तोडताना सगळ्या बघतील. पुन्हा नको करूस. माझी शपथ आहे.’

‘नाही करणार,’ एनॉक म्हणाला.

झालं! मला कुणी विचारलं? दुसऱ्याच दिवशी मँचेस्टरहून मोठमोठे थिएटरवाले आले. ‘ती शिवणारी बाई करा, म्हणाल ते गाव देतो.’ एनॉकची मान आडवीच. आणि खानावळवाली? ती तोवर लायोनेलच्या नावाने गाजली. पुढे एनॉकने केली की लोक म्हणायचे, ‘छे, हा डिअरिंगची नक्कल करतो.’ चीड येते हो! हातपाय असते तर एकेकाला धरून सांगितलं असतं. एनॉक मात्र पुन्हा दुसऱ्या बारीवर आला आणि छत्र्यांमधून बिशप करत राहिला. मग घराघरात टीव्ही आला, थिएटरं बंद पडली. तो झिलाकडे राहायला आला, त्या छत्र्यांचे किस्से तिला सांगू लागला, आणि मी गेले स्वयंपाकघरात, गरम किटलीखाली. माझ्या अंगावर चहाचा डाग आहे तो तिथला. बिशपच्या डोक्यावरून किटलीच्या बुडाखाली!

एनॉक गेला तेव्हा रिवाजाप्रमाणे मातीनंतर घरी हॅमचं, म्हणजे डुकराच्या खारवलेल्या मांसाचं, जेवण होतं. चॅपलची माणसं, कारखान्यातल्या म्हाताऱ्या बायका, सगळे ताटल्या मांडीवर घेऊन गप्प. बोलायचं काय? कुणीतरी म्हणालं, ‘चांगला होता बिचारा. ती खानावळवाली छान करायचा. म्हणजे, डिअरिंगची.’

झिला उठली. ऐंशीला टेकलेली, कमरेत वाकलेली. तिने किटली उचलून बाजूला ठेवली आणि मला हातात घेतलं. डावा कान ओढला. कोटाची कॉलर दोनदा चाचपली, नाक पुसलं, खाकरून घेतलं, छाती पुढे काढली. अगदी तस्संच! रंगमंचावर जाण्याआधी विंगेत एनॉक जे करायचा ते सगळं, एकही खोड न वगळता. म्हणजे त्या एकाच संध्याकाळी, जागेवरून तिने विंगेतसुद्धा बघितलं होतं त्याला. मग तिने मला पीळ दिला. चुकीचा. पुन्हा दिला. मी जीव खाऊन वळले, आणि तिच्या डोक्यावर बिशप होऊन बसले.

‘जरा सरका हो,’ ती एनॉकच्या आवाजात म्हणाली, ‘पाय काढा की. इथे बिशप येतोय.’

आधी एक म्हातारी हसली. मग सगळं घर. हसता हसता रडायला लागले लोक. झिला स्वतःच कुणाच्या तरी ॲप्रनमध्ये तोंड खुपसून खांदे गदागदा हलवत होती. आणि ज्याने ते बघायला हवं होतं, तो मेला मातीखाली झोपलेला.

म्हणून मित्रांनो, त्रागा करते मी. तुम्हीही कुणाला तरी रोज बघत असाल, दोरा तोडताना, कान ओढताना. बघितलंय हे त्याला सांगून टाका, त्या हॅमच्या जेवणाआधी. आणि माझं म्हणाल तर, झिला गेल्यावर मी या पेटीत आले; मला धूळ पुसायला कुणी नको, कसर न लागणारी पेटी नको. मधलं भोक ही माझी उणीव नाही. तिथे डोकं घालायचं असतं. पेटीची किल्ली वाचनालयाच्या बाईंच्या टेबलाच्या खणात आहे. मागा. फार तर काय, नाही म्हणतील.