चिंधीचं चौथं पिल्लू

तिसरं पिल्लू बाहेर आलं तेव्हा मास्तरीणबाईंनी त्याला हात न लावता नुसतं डोळ्यांनी तपासलं. नाक, पंजे, शेपूट, सगळं जागच्या जागी होतं. चिंधीने ते चाटून कोरडं केलं, पोटाशी ओढलं आणि डोळे मिटले. कपाटाचा सगळ्यात खालचा खण, त्यात जुनी चादर, चादरीवर मांजर आणि तीन पिल्लं. दुपारचे बारा वाजले होते.

"चिंधे, त्यांना सांग, तीन झाली. एक राहिलं," बाई खणाकडे बघत म्हणाल्या.

'त्यांना' म्हणजे मास्तरांना, बाईंच्या शिंपी नवऱ्याला. ते चार हातांवर शिलाई मशीनपाशी बसले होते आणि त्यांचे कान अगदी शाबूत होते. पण गेले अकरा दिवस या नवरा-बायकोचा सगळा व्यवहार मांजरीमार्फत चालला होता. "चिंधे, सांग, पान वाढलंय." "चिंधे, विचार, माझा चष्मा कुणी उचलला." चिंधी आळीपाळीने दोघांकडे बघायची आणि निमूटपणे स्वयंपाकघराकडे चालू लागायची.

कारण तसं एका वाक्याचं होतं. एका गिऱ्हाइकाने कोटाच्या कापडाबद्दल बाईंचं मत विचारलं आणि मास्तर कात्री न थांबवता बोलून गेले, "तिला काय कळतंय कापडातलं? ती काज-बटणं करते." सव्वीस वर्षं घराच्या पुढच्या खोलीतल्या याच दुकानात तुरपाया घालून बाईंच्या बोटांना घट्टे पडले होते. त्यांनी आवाज चढवला नाही की हातातली सुई खाली ठेवली नाही. फक्त बोलणं बंद केलं. आपण चुकलो हे मास्तरांना त्याच संध्याकाळी कळलं होतं. पण कबूल करायचं तर आधी तोंड उघडायला हवं, आणि आधी तोंड कोणी उघडायचं यावर गाडं अडलं होतं.

मागच्या आठवड्यात बाईंनी चिंधीला प्राण्यांच्या दवाखान्यात नेऊन आणलं. डॉक्टरीणबाईंनी एक्स-रे काढून चार डोकी मोजून दाखवली. "चार लक्षात ठेवा," त्या म्हणाल्या. "एकानंतर दोन तासांत पुढचं आलं नाही तर मला फोन करा. पहिलटकरीण आहे, अंगानेही लहान. पिल्लू आत अडलं तर ही वाचायची नाही."

म्हणून बाईंची नजर आता खणावरून भिंतीवरच्या घड्याळावर आणि घड्याळावरून खणावर फिरत होती. सकाळी एका गिऱ्हाइकाचं शिवण पोचवून त्या परत आल्या तेव्हा चिंधी खणात शिरून कण्हत होती. अकराला पहिलं आलं, साडेअकराला दुसरं, बाराला तिसरं. मग काहीच नाही. एक वाजला. दीड वाजला. चिंधीला धड पडून राहवेना. ती पिल्लं सोडून उठायची, लटपटत कापायच्या टेबलाखाली जायची, तिथली रिकामी फरशी हुंगायची, ओरडायची आणि परत यायची. असं पाच वेळा झालं. पाचही वेळा दोघांनी पाहिलं आणि पाचही वेळा दोघं गप्प बसले.

मास्तरांचा पाय मशीनच्या पायट्यावर नुसताच टेकलेला होता. तासाभरात त्यांनी एक बाही जोडली होती आणि तीही उलटी.

दोन वाजले.

"चिंधे, त्यांना म्हणावं, डॉक्टरांना फोन लावा," बाई म्हणाल्या.

मास्तरांनी फोन लावला. डॉक्टरीणबाईंनी सगळं ऐकून घेतलं. "मी चार मोजली होती आणि मोजण्यात मी चुकत नाही," त्या म्हणाल्या. "घेऊन या ताबडतोब. पिल्लांसकट आणा. मी ऑपरेशनची तयारी करते."

"वाचेल ना?"

"आधी आणा तर."

मास्तर उठले. मांजर, तीन पिल्लं, चादर, एवढं सगळं न्यायचं कशात? त्यांनी कपाटामागे पाहिलं, दाराआड पाहिलं.

"चिंधे, विचार, ती मोठी टोपली..." त्यांनी सवयीने सुरुवात केली. चिंधी टेबलाखाली धापा टाकत पडली होती. तिच्याकडे बघून मास्तरांना स्वतःची लाज वाटली. ते बायकोकडे वळले. "अगं, मोठी टोपली कुठंय?"

"ती वकीलीणबाईंकडे," बाई पटकन म्हणाल्या. "त्यांचे शिवलेले पडदे त्यातच घडी करून ठेवले होते ना तुम्ही. मी वरून फडकं बांधलं आणि तशीच पोचवली सकाळी."

"किती वाजता?"

"साडेदहा झाले असतील. का?"

मास्तर जागचे हलले नाहीत. "दहाला ही त्या टोपलीत बसली होती. पडद्यांवर. अस्तराला केस लागतील म्हणून मी हुसकावली."

"आणि टोपली कुठे होती तेव्हा?"

मास्तरांनी बोट दाखवलं. टेबलाखाली चिंधी पुन्हा तीच फरशी हुंगत होती.

"मला सांगायचं नाही?" बाई म्हणाल्या.

"पळा तुम्ही," त्याच पुढे म्हणाल्या. "मी हिच्यापाशी बसते. पिल्लू मिळालं तर उघडं आणू नका, शर्टाच्या आत धरा."

मास्तर गळ्यातल्या टेपसकट पळाले. तीन गल्ल्या आणि दोन जिने, वयाच्या अठ्ठावन्नाव्या वर्षी. वकीलीणबाईंनी दार उघडलं आणि त्यांचा अवतार बघून बाजूला झाल्या.

"पडदे अजून उघडलेसुद्धा नाहीत हो," त्या म्हणाल्या. "दांड्या बसवणारा संध्याकाळी येणार आहे."

टोपली खिडकीखाली उन्हात होती. मास्तर गुडघ्यांवर बसले आणि फडक्याची गाठ सोडू लागले. बायकोची गाठ होती, पटकन सुटेना. त्यांनी पहिला पडदा उचलला. काही नाही. दुसरा उचलला, तिथे एक ओला डाग वाळला होता. तिसऱ्याच्या घडीत, कापड आणि अस्तर यांच्यामध्ये, अंगठ्यापेक्षा थोडंसं मोठं, करड्या रंगाचं काहीतरी होतं. आईने चाटून स्वच्छ केलेलं. ते हलत नव्हतं.

मास्तरांनी ते तळव्यावर घेतलं आणि शर्टाची दोन बटणं सोडून छातीशी धरलं. वकीलीणबाई काहीतरी विचारत होत्या. ते न ऐकताच मास्तर जिना उतरू लागले. पहिल्या वळणावर छातीवर काहीतरी टोचलं. सुईच्या टोकाएवढी नखं होती. पुन्हा टोचलं, आणि शर्टाच्या आतून चिडल्यासारखा एक बारीक आवाज आला. मास्तर पायरीवर बसले आणि रडले.

"मास्तर, बरं वाटत नाहीये का?" वकीलीणबाईंनी वरून वाकून विचारलं.

"तुमच्या पडद्याला डाग पडलाय," मास्तर नाक पुसत म्हणाले. "धुऊन देतो."

दुकानात बाईंनी दार उघडंच ठेवलं होतं. मास्तरांनी पिल्लू त्यांच्या ओंजळीत दिलं. बाईंनी ते चिंधीपुढे ठेवलं. चिंधीने हुंगलं आणि तोंड फिरवलं. पिल्लाला नव्या कापडाचा वास येत होता, मास्तरांच्या घामाचाही. बाईंनी ते उचललं, बाकीच्या तिघांमध्ये घालून हलक्या हाताने घोळवलं, ओल्या चादरीवर फिरवलं आणि पुन्हा आईपुढे धरलं. मास्तर बघत होते. या हातांना काय काय कळतं ते त्यांनी सव्वीस वर्षं शेजारी बसूनही पाहिलं नव्हतं.

चिंधीने परत हुंगलं. मग मानगुटीला धरून पिल्लू आत ओढलं आणि इतक्या जोराने चाटू लागली की ते दोनदा उलटंपालटं झालं. धडपडत त्याने आचळ शोधलं आणि चिकटलं. थोड्या वेळाने चिंधीची धाप थांबली. ती आडवी झाली, आणि टेबलाकडे तिने पुन्हा पाहिलं नाही.

बाईंनी डॉक्टरीणबाईंना फोन केला. "चारही बाहेर आहेत. एक घरात नव्हतं, एवढंच." पलीकडून बरेच प्रश्न आले असावेत, कारण बाई पाच मिनिटं नुसत्या "हो, हो, झोपलीय, पितायत" म्हणत राहिल्या. मग फोन ठेवून त्या भिंतीला टेकल्या आणि त्यांनी फरशीवर पाय लांब केले. शेजारी मास्तरही बसले.

"चुकलंच माझं," मास्तर म्हणाले.

"कशात?"

"हुसकावलं तिला, ते." गळ्यातली टेप काढून त्यांनी बोटाला गुंडाळली, सोडली, परत गुंडाळली. "आणि त्या दिवशी कोटावरून बोललो, ते."

बाई खणात बघत होत्या. गिऱ्हाइकाचं ओशाळलेलं तोंड, कोटाच्या कापडाचा रंग, मास्तरांचा शब्दन् शब्द, सगळं त्यांना पाठ होतं.

"कुठल्या कोटावरून?" त्यांनी विचारलं. "मला नाही आठवत."