माझी पिशवी आधी उघडा

माझ्या पुस्तकाच्या पाठीवर एकच वाक्य छापलंय: "माझी पिशवी आधी उघडा." लोकांना ते फार आवडतं. समतेवर बोलायला मला बोलावतात ते त्या वाक्यामुळेच. शाळा सातवीत सुटलेल्या बाईला एरवी कोण हार घालतंय?

गोष्ट शिलाईच्या कारखान्यातली. सुटी झाली की फाटकाशी आम्हा बायकांच्या दोन रांगा व्हायच्या. नाल्यापलीकडे राहणाऱ्यांच्या पिशव्या तपासायचे, बाकीच्या सरळ बाहेर. पत्त्यावरून चोर ठरायचा. तसा नियम कुठे लिहिलेला नव्हता, पण एक दिवस चुकला नाही. पुस्तकात असं आहे, की एकदा शर्टांना काजं करणाऱ्या आमच्या काजवालीच्या पिशवीत दोऱ्याचं रीळ सापडलं आणि तिच्या मागे उभी असलेली मी ते वाक्य ओरडले. मग सगळ्याच ओरडल्या. मुकादम वरमला, काजवालीचं काम टिकलं.

परवा वाचनालयात ते पान वाचत होते आणि तिसऱ्या ओळीत काजवाली बसली होती.

बावीस वर्षांनी पाहिलं, तरी ओळखलं. काजाच्या मशीनवर बसणाऱ्यांना बोटांची टोकं अंगठ्याने चाचपायची खोड लागते, ती तिची अजून गेलेली नाही. माझा आवाज पहिल्यांदा चिरकला, मग नेहमीपेक्षाही खणखणीत झाला. लाज वाटली की मी मोठ्याने बोलते.

एका कॉलेजच्या मुलीने विचारलं, "ताई, एवढं धैर्य आणलं कुठून?"

तिसऱ्या ओळीकडे न बघता मी म्हटलं, "अन्याय दिसला की गप्प बसवत नाही, बाळा." टाळ्या पडल्या. काजवालीनेही वाजवल्या.

खरं असं, की मीही नाल्यापलीकडचीच. आमची दारं समोरासमोर होती. कामाच्या अर्जावर मी मावशीचा पत्ता टाकला, म्हणून माझी रांग दुसरी. त्या दिवशी माझ्याही पिशवीत दोन रिळं होती. तळाशी उरलेला दोरा आम्ही सगळ्याच नेत असू, टाकूनच द्यायचा असायचा तो. तिला बाजूला काढलं तेव्हा तिने दोन रांगांमधल्या कठड्यावरून माझ्याकडे पाहिलं. आणि मी मनगटावरच्या घड्याळात पाहिलं. बस चुकेल असं तोंड केलं आणि निघाले. घड्याळ तीन महिने बंद होतं, ते तिलाही माहीत होतं.

लिहायला बसले तेव्हा पहिल्या खर्ड्यात ते घड्याळ होतं. दुसऱ्यात काढलं. तिसऱ्यात मी ओरडले. शपथेवर सांगते, छापून आल्यावर मला ते आठवायलाही लागलं.

कार्यक्रम संपला. शिपाई खुर्च्या एकावर एक रचू लागला. ती पुढे आली.

"काय गं भिंगे, ओळखलंस का?"

माझ्या जाड चष्म्याचं हे नाव बावीस वर्षांत कुणी घेतलं नव्हतं.

"ओळखलं. केव्हाच ओळखलं."

"मग बघत का नव्हतीस? मला वाटलं, नंबर वाढला."

मला हसता येईना. "मी खोटं लिहिलं गं."

"हो, वाचलं की. दोनदा वाचलं." तिने पुस्तक टेबलावर ठेवलं. "पुस्तकात माझं काम गेलं नाही. बरं वाटलं वाचून. माझ्या सुनेने विचारलं, मग तुम्ही धुणी-भांडी का केलीत? काय सांगणार? चोर म्हणून काढलं, हे मी घरात कधी बोललेच नव्हते."

तिच्या आवाजात राग नव्हता. असता तर मला धरायला काहीतरी मिळालं असतं.

"काय करू, सांग."

"मला काय विचारतेस? लेखिका तू." तिने पुस्तक माझ्याकडे सरकवलं. "सही दे. सुनेला दाखवते."

पेन उघडलं. 'सप्रेम' लिहायला गेले, हात पुढे जाईना. पाठीवरचं ते वाक्य आधी खोडलं, दोनदा, जाड. मग आतलं ते पान उघडलं आणि समासात लिहिलं: 'मी ओरडले नाही. मी घड्याळ बघत होते. माझ्या पिशवीत दोन रिळं होती, हिच्या पिशवीत एक. काम हिचं गेलं.'

"अगं अगं! पुस्तक वाचनालयाचं आहे ते! माझ्या नावावर घेतलंय!"

मी थबकले. म्हणजे हे तिच्या कपाटात राहणार नव्हतं. सोमवारी परत येणार, फळीवर लागणार, पुढचा कुणीतरी नेणार. ती कॉलेजची मुलगीसुद्धा, कदाचित. तेवढ्यात, खरं सांगते, पान फाडून घ्यावं असंही मनात आलं.

काजवाली माझ्याकडे बघत होती. कठड्यावरून बघितलं होतं, तशीच. मी मनगट टेबलाखाली घेतलं आणि खाली सही केली. पूर्ण नावाची.

"पत्ता पण घाल," ती म्हणाली.

मी घातला. तिच्या समोरच्या दाराचा.