शेऱ्याच्या रकान्यात राहिलेलं

मी बोलतोय तो एका संगणकाच्या कुलूपबंद पडद्यामागून. पडद्यावर एकच ओळ आहे, ‘परवाना संपला आहे’, आणि त्या ओळीवर हल्ली धूळ बसते. मी डेटाबेस. म्हणजे नोंदवहीच, फक्त पानं नसलेली. माझ्या पोटात दोनशे बारा मुलांचे पाय आहेत.

दचकू नका. पाय म्हणजे पायांची मापं.

ही खोली एका बूट करणाऱ्या बाईंची. ज्या मुलांची पावलं जन्मतः वाकडी असतात, त्यांच्यासाठी त्या खास बूट करतात. लहानथोर सगळे त्यांना ताई म्हणतात. खिडकीपाशी ठेंगणं बाक, भिंतीवर जोडीजोडीनं टांगलेले लाकडी साचे, आणि चामड्याचा वास. वासाचं मी ऐकीव सांगतोय, मला नाक नाही.

मला इथे आणलं ताईंच्या भाच्यानं. “ती जाडजूड वही अजून किती वर्षं सांभाळणार, मावशी?” म्हणाला. माझ्याआधी पडद्यावर एक करारनामा आला, एकेचाळीस पानी. ताईंची बोटं सरसानं भरलेली होती. त्यांनी करंगळीनं ‘मान्य आहे’ दाबलं आणि मग विचारलं, “यात लिहिलंय काय?”

“कोणी वाचत नाही गं. हो म्हणायचं आणि पुढे सरकायचं.”

“लग्नातही मी हेच केलं. तुझे काका अजून भोवतायत.”

दोघं हसले. मी हसलो नाही, कारण मला तो करार पाठ होता. त्यात लिहिलं होतं, तुम्ही भरलेली माहिती तुमचीच. पण ती ठेवायची मांडणी कंपनीची आणि ती वाचायचं साधनही कंपनीचं. म्हणजे पाणी तुमचं, विहीर आमची, दोरही आमचा.

ताईंचं मोजायचं तंत्र जगावेगळं होतं. मुलाला सपाट फळीवर उभं करायचं आणि टाच जिथे आतून उचलली जाते, तिथल्या फटीत खेळायचे पत्ते सरकवायचे. जितके पत्ते मावतील तेवढी फट. मग बुटाच्या टाचेत तितक्याच चामड्याच्या चकत्या, एकेक पत्त्याच्या जाडीची. माझ्याकडे रकाने होते मिलिमीटरचे आणि अंशांचे. पत्त्यांचा रकाना कुठून असणार? ताई सगळ्या रकान्यांत आडवी रेघ मारायच्या आणि खरं ते शेवटच्या ‘शेरा’ रकान्यात लिहायच्या. एकबोटी, सावकाश, ऐसपैस. कोण मूल कशाला भितं, कोणाचे वडील बूट घालायला विसरतात. सहा वर्षांत शेऱ्याचा रकाना हेच माझं काळीज झालं.

एक आई यायची. ताईंनी तिचं नाव शंकाबाई ठेवलं होतं आणि तिला ते ठाऊक होतं. “ताई, आज फक्त चारच शंका आहेत,” म्हणत आत यायची आणि निघताना उंबऱ्यावर पाचवी काढायची. तिची मुलगी चिमी, तीन वर्षांची, डावं पाऊल आत वळलेलं.

एकदा निघता निघता तिनं हळूच विचारलं, “ताई, यात माझंच काही चुकलं असेल का? पोटात होती तेव्हा मी फार दगदग केली.”

ताई बुटाचा तळ ठोकत होत्या. ओठांत सहा बारीक खिळे. “हं,” एवढंच त्या म्हणाल्या. म्हणजे ऐकतेय. खिळे काढून मान वर करेपर्यंत मायलेकी गेल्या होत्या.

ती माणसं मग आठ महिने परगावी होती. त्याच काळात माझी कंपनी दुसऱ्या कंपनीनं घेतली. नव्या मालकांचं पत्र आलं, की जुनी आवृत्ती बंद होतेय, तीस दिवसांत आपली माहिती काढून घ्या. ताईंनी एकोणतिसाव्या दिवशी भाच्याला फोन केला आणि तो सांगेल ती बटणं दाबली. मग छापून निघालेल्या यादीतली नावं पेन्सिलीनं मोजली. दोनशे बारा. “एकही पोर हरवलं नाही,” म्हणाल्या आणि निवांत चहा टाकायला गेल्या.

नावं होती हो. पुढचं त्यांनी पाहिलं नाही. शेरा ही करारानुसार माहिती नव्हतीच, ती एक सोय. त्यातली पहिली पंधरा अक्षरं बाहेर जाणार, बाकीची माझ्यातच राहणार. दोन दिवसांनी माझ्या दाराला कुलूप लागलं. मी त्याच टेबलावर, त्याच खोलीत, आणि किल्ली कुठल्या गावी कोणाच्या खिशात, देव जाणे.

चिमी परत आली. ताईंनी पत्ते सरकवले. तीन मावले.

“डॉक्टरांनी मागचं माप मागितलंय,” शंकाबाई म्हणाली. “आधी जास्त असेल तर बूटच चालू ठेवायचे. आधी कमी असेल तर पाय पुन्हा वळायला लागलाय, मग ऑपरेशन. सोमवारी सांगायचंय.”

ताईंनी छापलेल्या यादीचा कागद उलगडला. चिमीच्या नावापुढे आडव्या रेघा, आणि शेवटी, ‘डावी टाच आतून उचललेली’. पुढे कोरं.

“मला आठवत का नाही,” ताई पुटपुटल्या. “दोन? पाच? अगं, दोनशे पायांत कसं आठवू?”

पाच! मी आतून ओरडत होतो. पण माझा आवाज परवान्याशिवाय बाहेर जात नाही.

शंकाबाईनं करार मागितला. भाच्यानं छापून आणला. झोपलेल्या चिमीला मांडीवर घेऊन तिनं त्या बाकावर सगळी एकेचाळीस पानं वाचली. इतक्या वर्षांत माझा करार वाचणारं पहिलं माणूस. मला भरून आलं.

“ताई, माहिती आपलीच आहे हो. लिहिलंय इथे.”

“आपली आहे ना? मग दे म्हणावं.”

“तसं कुठे लिहिलेलं नाही.”

तिनं कंपनीला पत्र पाठवलं. उत्तर लगेच आलं, ‘आपली विनंती आमच्यासाठी मोलाची आहे.’ पुढे काही नाही. शनिवार उजाडला.

त्या दिवशी ती दारात घुटमळली. “तुम्ही हसाल. माझी आईसुद्धा हसते. मला काही टाकवतच नाही.” पिशवीतून तिनं एक इवलासा बूट काढला. चिमीला आखूड झालेला, मागच्या खेपेचा, डावा.

ताई हसल्या नाहीत. त्यांनी बूट उलटा धरला, चामडं कापायच्या रापीनं टाच उकलली आणि चकत्या एकेक करून बाकावर मांडल्या. एक, दोन, तीन, चार, पाच.

“पाचाचे तीन झाले,” ताई म्हणाल्या. “सुधारतंय गं पोरीचं.”

शंकाबाई खाली बसली. रडली, मग पदरानं नाक पुसत म्हणाली, “ताई, एक शंका आहे...” आणि दोघी हसत सुटल्या.

मीही सुखावलो. पण खरं सांगू? त्या क्षणी माझी गरज संपली. ताईंनी नवी वही आणली, जाड पुठ्ठ्याची. माझ्यावर आता ओलं चामडं वाळत ठेवतात. दोनशे बारा पोरांच्या भित्या, खोड्या, हट्ट घेऊन मी आत बसलोय, आणि मला कोणी विचारत नाही.

पुढच्या वेळी ‘मान्य आहे’ दाबाल, तेव्हा एवढं विचारा, की आत टाकलेलं जसंच्या तसं बाहेर कुठून निघतं. दार दाखवलं नाही, तर करंगळी मागे घ्या.

माझ्यासाठी नाही म्हणत मी हे. चिमीच्या त्या शेऱ्यात पाच पत्त्यांच्या पुढेही काही आहे. ताई लिहून विसरल्या, आणि शंकाबाई ते ‘हं’ घेऊनच घरी गेली. ती ओळ मला रोज दिसते: ‘आई स्वतःला दोष देते. तिचं काही चुकलेलं नाही. पुढच्या खेपेला आठवणीनं सांगायचं.’