काढलेले झाड

मी एक जुनी करवत आहे, मित्रांनो, आणि आधीच सांगते, मला तुमची दया नको. करवत म्हटले की तुम्ही नाक मुरडता. झाडांची वैरीण म्हणता. खुशाल म्हणा! मी आयुष्यभर झाडेच जगवली आहेत, आणि ती कशी, हे ऐकवल्याशिवाय मी तुम्हाला सोडणार नाही.

एका लोहाराने मला घडवले. पाते किंचित बाकदार, दात बारीक, मूठ लाकडाची. ओंडके कापणाऱ्या धिप्पाड करवती वेगळ्या; मी छाटणीची. एका फार जुन्या बागेच्या माळ्याने मला विकत घेतले. त्या बागेत दगडी पायऱ्या होत्या, मधोमध हौद होता, दोन्ही बाजूंना रांगेत लावलेली झाडे होती. ही बाग ज्यांनी मांडली त्यांचे चेहरेही कोणाला आठवत नव्हते. वाळकी फांदी, कीड लागलेली फांदी, एकमेकींना घासून सोलवटणाऱ्या फांद्या, एवढेच मी कापायचे. माझा काप इतका गुळगुळीत असे की त्यावर भराभर नवी साल चढे. दुसऱ्या बागांचे माळी यायचे आणि त्या कापावरून बोट फिरवून पाहायचे. मी फुशारून जायची, खोटे कशाला बोलू?

मग घरघर करत यंत्राची करवत आली आणि माझी रवानगी अवजारांच्या खोलीत झाली. तिथे फुटक्या झाऱ्या आणि चिरलेल्या रबरी नळ्यांच्या संगतीत मी गंजत पडले. माझ्याकडे कोणी ढुंकून पाहिले नाही. शेवटी एकदा मुकादमांनी मला मोडीच्या ढिगावर भिरकावले. मुकादम म्हणजे सगळ्या माळ्यांचे प्रमुख. माणूस मनाने चांगला, पण साहेबांसमोर उभे राहिले की त्यांची बोबडी वळायची.

त्या ढिगातून मला उचलले ते शिकाऊने. कचेरीतली नोकरी सोडून, घरच्यांशी भांडण घेऊन, जुन्या बागा राखायचे काम शिकायला ती वर्षभरासाठी आली होती. सगळे तिला ‘शिकाऊ’च म्हणत.

“अगं, टाक ती. ती कामातून गेलीय,” मुकादम म्हणाले.

“गेली कशी, काका? दात सगळे शाबूत आहेत. तुमच्यापेक्षा जास्तच असतील!”

मुकादमांनी तोंडावर हात धरून हसू दाबले. तिने मला वाळूने घासले, तेल चोळले, एकेका दाताला कानस लावली. मी पुन्हा झाडांवर चढले. यंत्राच्या करवतीला जिथे शिरता येत नव्हते, तिथे मला बोलावणे येऊ लागले.

हौदाजवळ एक तुतीचे झाड होते. म्हातारे, रांग सोडून बाहेर कललेले, लाकडी टेकूवर रेललेले. पण फळे इतकी धरायची की पायऱ्या जांभळ्या होऊन जायच्या. साहेब म्हणजे बागेचे मोठे अधिकारी. त्यांना हे झाड डोळ्यांसमोर नको होते. ऐतिहासिक बाग कशी आखीवरेखीव दिसली पाहिजे, असे ते म्हणत. त्यातच बाग पाहायला मोठे पाहुणे यायचे ठरले.

शिकाऊ तेव्हा फाटकाजवळच्या फलकावर बागेचा रंग उडालेला नकाशा नव्याने रंगवत होती. साहेब घाईघाईने जाता जाता म्हणाले, “आणि हो, ती वाकडी तुती काढ. पाहुणे यायच्या आत.”

तिच्या हातात कुंचला होता आणि कमरेला मी. साहेबांना काय म्हणायचे आहे ते तिला पुरते कळले होते. तिचा हात माझ्या मुठीवर आला आणि तसाच मागे गेला. मग तिने हिरव्या रंगाचा डबा उघडला आणि फलकावर तुती काढली. वाकडीच्या वाकडी, टेकूसकट काढली!

पाहुण्यांच्या दिवशी सकाळी साहेब तुतीपाशी थबकले. “काढली नाहीस?”

“काढली की, साहेब. फलकावर बघा ना. टेकूसुद्धा काढलाय.”

मुकादमांना ठसका लागला. साहेब लालबुंद झाले. “चेष्टा करतेस माझी? तोड म्हणून सांगितलं होतं मी!”

“तोडणार नाही, साहेब. जिवंत झाड आहे ते. रांग सरळ दिसावी म्हणून मी त्याला मारणार नाही.”

“मग उद्यापासून येऊ नकोस.”

तिचा चेहरा पांढराफटक पडला. या कामावर तिचा जीव होता. पण तिने शब्द मागे घेतला नाही.

मी पायरीवर ठेवलेली होते. साहेबांनी मला उचलले आणि वरून खोडावर चालवायला सुरुवात केली. आता टेकूवर रेललेले खोड वरून कापले की ते मध्येच दबते, काप मिटतो आणि पाते आत अडकते. शिकाऊनेही पहिल्याच आठवड्यात हीच चूक केली होती. साहेबांनी मला ओढले, ढकलले, हिसडे दिले. मी तसूभर हलले नाही. खोडाच्या वजनामुळे, असे तुम्ही म्हणाल. मी म्हणते, मी हटूनच बसले! शेवटी मूठ निखळून साहेबांच्या हातात आली आणि ते मागच्या मागे हौदाच्या कठड्यावर बसले.

तेवढ्यात पाहुणे आले. मूठ पाठीमागे लपवून साहेब उठले आणि गोड हसले.

शिकाऊ दुसऱ्या दिवशी हजर! तिने पायऱ्या झाडल्या, वाफे भिजवले. साहेब तिला पाहून बाजूने निघून गेले. तिसऱ्या दिवशी त्यांनीच तिला विचारले, “गुलाबांची छाटणी कोण करणार? मी?” तुती तोडायचे नाव मात्र त्यांनी पुन्हा काढले नाही.

मुकादमांनी मला सोडवायला पहार आणली होती. शिकाऊने त्यांना थांबवले. “राहू द्या, काका. तिला तिथेच राहू द्या.” जखमेभोवती तिने हळुवार हाताने माती लिंपली.

मित्रांनो, मी अजून तिथेच आहे. माझ्यावर गंज चढतो आहे आणि गंजावर तुतीची साल. काही वर्षांनी मी बाहेरून दिसणारसुद्धा नाही. जुन्या झाडाला हात लावण्याआधी त्याच्याजवळ थोडे थांबा, त्याला काय हवे ते बघा, टेकू द्या, पाणी द्या. आणि ज्याला एवढेही जमत नसेल त्याने खुशाल आपली करवत घेऊन यावे. तिचे दात आधी माझ्यावर मोडतील.