अपलाचं पाणी

माझी भावजय नुप्ता त्या सकाळी मागच्या खोलीची जमीन सारवत होती. दुपारपर्यंत घर सोडायचं होतं, पुन्हा कधी परत यायचं नव्हतं, आणि ही बाई कोपरापर्यंत चिखलात हात घालून बसली होती.

"अगं, कुणासाठी चाललंय हे? त्या येणाऱ्या परक्यांसाठी?" मी ओरडले.

"अपलासाठी, वन्सं," ती म्हणाली.

मग मी गप्प बसले. एरवी मी गप्प बसणारी नव्हे. घाटावर माझा जवाच्या दारूचा गुत्ता होता, आणि मुकी बाई गुत्ता चालवू शकत नाही.

अपला तिचा मुलगा. मागच्या कापणीला तापानं गेला. नुकता कुठे घरभर धावायला लागला होता. आमच्याकडे गेलेलं माणूस गावाबाहेर नेत नाहीत, मागच्या खोलीत जमिनीखाली ठेवतात. माझे वडील तिथेच होते, अपलाला त्यांच्या कुशीत ठेवला. वर मातीची एक नळी काढलेली असते. दर अमावास्येला घरातलं कुणीतरी त्या नळीत पाणी ओततं आणि नाव घेतं. पाणी मिळालं नाही तर खाली चिखल खाऊन दिवस काढावे लागतात. आणि नाव घेतलं नाही, तर आलेलं पाणी आपलं आहे हे त्याला कळणार कसं?

वडिलांची मला काळजी नव्हती. त्यांनी उभा जन्म शेजाऱ्याच्या पाटातलं पाणी चोरलं, मेल्यावरही कुणाच्या तरी वाटचं ओढून घेतील. पण अपलाला तर वाटी धरून नीट पिताही येत नव्हतं. अर्धं पाणी छातीवर सांडायचा.

अश्शूरच्या राजाविरुद्ध बंड केलं ते आमच्या मोठ्या लोकांनी. ते होड्यांतून दलदलीत पसार झाले आणि चंबूगबाळं आवरायची वेळ आमच्यावर आली. त्या राजाची रीतच अशी. बंडखोर गाव मारून टाकायचं नाही, मुळासकट उपटून दुसरीकडे लावायचं. आम्ही फरात नदीच्या काठाकाठानं पार पश्चिमेला हमातला जायचं, आणि हमातच्या लोकांनी येऊन आमच्या चुली पेटवायच्या. माझा भाऊ शुला, म्हणजे नुप्ताचा नवरा, बाकीच्या पुरुषांबरोबर दोरखंडाला बांधून आधीच पुढे नेला होता.

"हाडं काढून बरोबर नेऊ या," असं मी आदल्या दिवशी सुचवून पाहिलं होतं.

"आजोबांच्या कुशीतून ओढू त्याला?" नुप्ता म्हणाली. "आणि वेशीवर काय चाललंय ते पाहिलंत ना तुम्ही?"

पाहिलं होतं. चांदी लपवली असेल म्हणून शिपाई प्रत्येक मडकं फोडत होते. एका म्हातारीच्या नवऱ्याची हाडं धुळीत सांडली होती आणि ती रांगत रांगत ती वेचत होती.

तेव्हा उपाय एकच उरला होता. नुप्ता रात्रंदिवस त्यावरच बोलत होती. "येणारी कुणी बाईच असेल ना, वन्सं? बाई असली की समजून घेईल. तुम्हाला त्यांची बोली येते. तुम्ही सांगा तिला."

त्यांची अरामी बोली मला येत होती, पण कशी? आमच्या घाटावर अरामी धनगर नि नावाडी यायचे. प्यायलेला माणूस एक तर शिव्या देतो, नाहीतर आईची आठवण काढून रडतो. मला तेवढीच अरामी येत होती. तेवढ्या भांडवलावर मी एका लेकराच्या पाण्याची बोलणी करणार होते.

ऊन डोक्यावर आलं तेव्हा एका शिपायानं तिला दारातून आत ढकललं. "हे तुझं घर," तो म्हणाला आणि निघून गेला. बाई नुप्ताच्याच वयाची, अद्दाती नावाची. ओठ फुटलेले, पायांना चिंध्या गुंडाळलेल्या, खांद्याला एक पखाल. एकटीच होती. उंबऱ्याशीच उभी राहिली. आपल्याला चोर समजतील असं तिला वाटत असावं.

नुप्तानं तिच्यापुढे भाकरी, कांदा आणि पाण्याची वाटी ठेवली. "मू," ती म्हणाली.

"मय्या," अद्दाती म्हणाली आणि वाटी घटाघटा रिकामी केली.

"वन्सं! पाणी त्यांच्यातही पाणीच आहे हो!" नुप्ताचा चेहरा असा उजळला की मला बघवेना. तिनं भिंतीवर हात ठेवला. "बीतू." अद्दाती म्हणाली, "बैता." घर. कित्येक दिवसांत तिच्याशी कुणी धड बोललं नसावं, कारण तीही जराशी हसली. नुप्तानं तिचा हात धरला आणि तिला मागच्या खोलीत नेलं.

"हळू घे गं," मी मागून म्हणत होते. पण ऐकतंय कोण!

तिनं नळी दाखवली. पाणी ओतून दाखवलं. "शुमू," ती म्हणाली. अद्दातीनं मान हलवली, "शेम." नाव. नुप्ता म्हणाली, "अपला." अद्दातीला वाटलं घरचा काही देव असेल. तिनं कपाळाला हात लावून नळीला नमस्कारसुद्धा केला. तिथेच थांबलो असतो तर! पण नुप्ताला तिला सगळं नीट समजावून सांगायचं होतं. तिनं जमिनीवर थाप मारली आणि म्हणाली, "मीतू."

मेलेला. त्यांच्यात म्हणतात मीत.

अद्दातीनं निखाऱ्यावर पडल्यासारखे पाय मागे घेतले. "इथं?" तिनं मला विचारलं. "खाली?"

"लेकरू आहे, बाई. एवढंसं लेकरू," मी म्हणाले.

"मडं आहे! घरात मडं पुरून वर भाकऱ्या थापता? कसली माणसं तुम्ही? मी इथं झोपू? परक्याच्या मड्यावर?"

कोपऱ्यात कुदळ होती. आम्ही बोललोच नसतो तर जन्मभर ती त्या जमिनीवर झोपली असती आणि तिला कळलंही नसतं. अपला तहानलेला राहिला असता, पण जागच्या जागी राहिला असता. आता तिनं कुदळ उचलली आणि नुकत्याच सारवलेल्या जमिनीवर घाव घातला. ओली ढेकळं माझ्या तोंडावर उडाली.

नुप्ता ओरडली नाही. ती सरळ आडवी झाली, नळी पोटाखाली घेऊन. मी कुदळीचा दांडा धरला आणि मला येत होत्या तेवढ्या सगळ्या अरामी शिव्या हासडल्या. माझ्या तोंडून आपल्या गावच्या नावाड्यांच्या शिव्या ऐकून अद्दाती क्षणभर थबकली. मग तिचे हात एकदम ढिले पडले आणि ती भिंतीला टेकून बसली.

"आमच्याकडं माणूस गेलं की गावाबाहेर दगड उभा करतात," ती म्हणाली. "जीव दगडात राहतो. तिथं पाणी द्यायचं, नाव घ्यायचं. माझ्या आईचा दगड मी स्वतः उभा केला होता. वेढा पडला तेव्हा या शिपायांनी सगळे दगड उपटले. तटावर चढायला उतार बांधला, त्यात घातले. यांची गाढवं चढली त्याच्यावरून. माझ्या आईला कोण पाणी देतंय? मग मी का देऊ हिच्या पोराला?"

"काय म्हणते?" नुप्तानं जमिनीवरूनच विचारलं. मी सांगितलं.

ती म्हणाली, "तिला सांगा, आपण तिकडेच चाललोय. तिच्या आईचं नाव विचारा. मी त्या उतारावर जाऊन पाणी ओतीन. जगेन तोवर ओतीन. तिनं फक्त माझ्या अपलाचं बघावं."

मी सांगितलं. माझ्या मोडक्यातोडक्या बोलीत जितकं पदर पसरून मागता येईल तितकं मागितलं. अद्दातीनं नुप्ताकडे पाहिलं.

"ला," ती म्हणाली.

"काय म्हणाली?"

"हो म्हणाली," मी म्हणाले. "दमलीय ना, म्हणून तोडून बोलली. पण हो म्हणाली."

नुप्तानं मान वर केली. तिच्या गालाला ओला चिखल लागला होता. "वन्सं," ती म्हणाली, "'ला' म्हणजे नाही. त्यांच्यातही आणि आपल्यातही."

मला धरणी दुभंगेल तर बरं असं झालं. तेवढ्यात शिपाई आला आणि त्यानं नुप्ताला दंडाला धरून उठवलं. ती झगडेल असं मला वाटलं होतं. ती मुकाट्यानं चालू लागली, आणि ते मला जास्त लागलं. मागे वळून पाहिलं तर अद्दाती पुन्हा कुदळीकडे हात नेत होती.

बांधावर आम्हाला रांगेत उभं केलं. माझ्यानं राहवेना. मी त्या शिपायाला म्हटलं, "दादा, आमच्या अंगणात जुन्या दारूची घागर पुरलीय. त्या अरामी बाईच्या घशात जाण्यापेक्षा तुमच्या जाऊ दे की."

"पळायचा विचार नाही ना, म्हातारे?"

"या गुडघ्यांनी? कुठवर पळणार?"

तो माझ्याबरोबर आला. त्याला अंगणातली जागा दाखवली आणि तो उकरत असताना मी आत सटकले.

कुदळ भिंतीला टेकवून ठेवली होती. नळीशेजारी घाव पडला होता, पण तो ओल्या हातानं लिंपलेला होता. अद्दाती उकिडवी बसली होती आणि स्वतःच्या पखालीतलं पाणी नळीत सोडत होती. आम्ही भरून ठेवलेली घागर बाजूला तशीच होती. तिनं आधी एक नाव घेतलं, "तबाता". हे तिच्या आईचं असणार. मग जरा थांबून म्हणाली, "अपला."

माझी चाहूल लागली तशी ती रागानं उठली. "मी कबूल केलेलं नाही काही," ती म्हणाली. "पुढच्या अमावास्येचं मला माहीत नाही. आज ऊन होतं, म्हणून."

मला तिच्या पाया पडायचं होतं. पण बाहेरून शिपाई हाका मारत होता. मी फक्त म्हणाले, "तबाता." म्हणजे तिला कळावं, की नाव मी घेऊन चालले आहे. तिनं तोंड फिरवलं.

मी बांधावर धावत गेले. माझे गुडघे धावले, मलाच नवल वाटलं. "नुप्ता! अगं, ओतलं तिनं! स्वतःच्या पखालीतलं ओतलं, आधी आईचं नाव घेतलं, तबाता, मग अपलाचं!"

नुप्तानं माझ्याकडे पाहिलं. "मघाशीही ती हो म्हणाली होती ना, वन्सं?"

"आत्ता खरं सांगतेय गं! माझ्या डोळ्यांनी पाहिलं. अपलाची शपथ..."

"त्याची शपथ नका घेऊ," ती म्हणाली, आणि रांग चालू लागली.

गुत्त्यावर मी जन्मभर लोकांना बरं वाटेल ते बोलत आले. कुणाला म्हटलं बायको परत येईल, कुणाला म्हटलं पीक येईल. माझ्या भावजयीला ते माहीत होतं. लांडगा आला म्हणून उगाच ओरडत राहिलं, मग तो कधी खरंच आला तर माणसानं करावं काय?

शुला वाटेतच गेला. त्याला कुठे टाकलं ते आम्हाला कुणी दाखवलं नाही.

आता आम्ही हमातला राहतो. तो उतार अजून तटाला लागून आहे. त्यावर गवत उगवलंय आणि इथली पोरं त्यावरून घसरगुंडी खेळतात. दर अमावास्येला नुप्ता तिथे पाणी ओतते आणि म्हणते, तबाता. मी एकदा विचारलं, माझ्यावर विश्वास नाही तर मग हे कशाला? ती म्हणाली, "तुम्ही सांगितलेलं नाव खरं असेल, नसेल. खाली कुणीतरी तहानलेलं असेलच."

तिनं आम्हा सगळ्यांच्या आधी इथली बोली उचलली, आणि गुत्त्यावरची माझ्यासारखी नव्हे, चांगली स्वच्छ. मला वाटायचं बाजारहाटासाठी शिकतेय. मग परवा पूर्वेकडून उंटांचा तांडा आला. वेशीशी तिनं एका उंटवाल्याला थांबवलं आणि आमच्या गावाचं नाव घेतलं. घाटावरचं घर, मागच्या खोलीत नळी, तिथली अद्दाती नावाची बाई. ती अमावास्येला काही करते का? कुणी काही बोलताना ऐकलंय का?

मी सवयीनं पुढे झाले, काही अडलं तर सांगावं म्हणून. नुप्तानं हातानं मला बाजूला सारलं. "तुम्ही नको, वन्सं," ती म्हणाली. "मला माझ्या कानांनी ऐकायचंय."

तो उंटवाला त्या गावाला कधी गेलाच नव्हता. "ला," तो म्हणाला.

तिनं मान हलवली, पाण्याची घागर उचलली आणि उताराच्या वाटेला लागली. मी तिच्या मागोमाग निघाले. ओतलं होतं गं तिनं, मी म्हणत होते, खरंच ओतलं होतं.