अर्ध्या आणि दगडी राजा

अर्ध्याचा जन्म झाला त्या दिवशी घरात कडाक्याचं भांडण झालं होतं. अर्ध्या म्हणजे व्हिडिओ गेममधला गडी. ताईला तो जादूगार हवा होता आणि तिच्या धाकट्या भावाला, ठोक्याला, तलवारबहाद्दर. शेवटी आईनं स्वयंपाकघरातून निकाल दिला, "निम्मं निम्मं करा आणि आवाज बंद करा." आईला गेममधलं ओ की ठो कळत नव्हतं, पण तिचा निकाल दोघांनी वर्षानुवर्षं पाळला. गेममध्ये बढती मिळाली की हाती येणारे गुण निम्मे जादूला जात, निम्मे बळाला.

घरात रिमोटही एकच होता. त्यामुळे दोघं खांद्याला खांदा लावून बसत. रिमोटची डावी बाजू ताईकडे, म्हणजे चालणं आणि मंत्र टाकणं तिचं. उजवी बाजू ठोक्याकडे, म्हणजे वार आणि उडी त्याची. ताई शत्रूपासून मागे सरायची आणि त्याच वेळी ठोक्या हवेत तलवार फिरवायचा. एक ना धड भाराभर चिंध्या, असा अर्ध्याचा कारभार होता. तरी रडतखडत तो शेवटच्या शत्रूपर्यंत, दगडी राजापर्यंत, पोचला आणि तिथं घोडं अडलं.

आज शनिवार होता. संध्याकाळी सहाला ताईची गाडी येणार होती. औषधांच्या दुकानातली नोकरी सोडून ती दुसऱ्या शहरातल्या मोठ्या इस्पितळात रुजू होणार होती. दाराशी दोन बॅगा भरून तयार होत्या. राजा आज पडला नाही तर कधीच पडणार नव्हता, कारण ठोक्याला एकट्यानं खेळता येत नव्हतं. गेल्या आठवड्यात त्यानं गुपचूप करून पाहिलं होतं. त्याच्या डाव्या अंगठ्यानं अर्ध्याला थेट तळ्यात नेऊन बुडवलं.

"पुन्हा मेला," ताई म्हणाली. "दगडावर तलवार चालवतोस. नुसत्या ठिणग्या उडतात."

"ठिणग्या उडाल्याशिवाय काम झाल्यासारखं वाटत नाही." ठोक्या फाटकांचं आणि खिडक्यांच्या जाळ्यांचं वेल्डिंग करायचा. "तुझा मंत्र तरी काय दिवे लावतो? राजा नुसता शिंकतो."

"अर्धा मंत्र आहे, अर्धाच लागणार. विहिरीवर जाऊ या."

राजा ज्या डोंगरावर होता, त्याच्या पायथ्याशी एक विहीर होती. तिच्यात उतरलं की सगळे गुण परत मिळत आणि नव्यानं वाटता येत, पण एकदाच. ताईनं अर्ध्याला तिच्यात उतरवलं.

"सगळे बळाला," ठोक्या म्हणाला.

"सगळे जादूला. राजाच्या जवळ जायचंच कशाला? लांबून भाजून काढू."

"उंटावरून शेळ्या हाकायच्या! त्याला काय लढाई म्हणतात?"

"शेळ्या घरी पोचल्याशी मतलब."

"सामान नीट भरलंय ना गं?" आईनं आतून विचारलं. ठोक्यानं दाराकडे पाहिलं. मोठ्या बॅगेची चेन लागत नव्हती म्हणून सकाळी त्यानंच ती तारेनं बांधून दिली होती. तो पुढे वाकला आणि सगळेच्या सगळे गुण जादूत टाकून मोकळा झाला.

"अरे! आणि तुझा हात काय करणार?"

"उड्या मारीन."

अर्ध्याला आता तलवार पेलेना. त्याच्या हातात जादूगाराची काठी आली. पण त्याचे मंत्र असे कडाडू लागले, की राजाचे खांदे ढासळले, गुडघा तुटला. ठोक्या उड्या मारत राहिला. मग जादू संपली.

"बाटली पाज त्याला! निळी!"

"थांब. जपून वापरू. पुढे लागतील."

ही ताईची जुनी खोड. औषधांच्या दुकानातसुद्धा ती शेवटची पाकिटं अडल्यानडल्यासाठी मागच्या कप्प्यात सारून ठेवायची. अर्ध्याच्या झोळीत जादू परत भरणाऱ्या निळ्या बाटल्यांचा ढीग पडून होता.

"पुढे काय आहे?" ठोक्या ओरडला. "हा शेवटचा राक्षस आहे! सहा वाजता तू जाणार! कुणासाठी राखतेस?"

ताईनं त्याच्याकडे पाहिलं नाही. तिनं एक बाटली पाजली, मग दुसरी, मग हातचं काहीही न राखता सगळ्या. दिवाणखान्यात विजा कडाडत राहिल्या. राजाच्या जिवाची लाल रेघ केसाएवढी उरली आणि झोळी रिकामी झाली. बाहेर गाडीचा हॉर्न वाजला.

"गेलं," ताई म्हणाली. "आता काही नाही."

"पुढे चाल."

"जवळ? मरेल तो!"

"ताई, चालव गं!"

तिनं अर्ध्याला राजाच्या पायाशी नेलं. ठोक्यानं बटण दाबलं. अर्ध्यानं काठी उचलली आणि राजाच्या नडगीवर हाणली. टक, एवढाच आवाज झाला. डोंगराएवढा राजा आडवा झाला.

दोघांच्या आरोळ्या ऐकून आई धावत बाहेर आली. "काय झालं? कोण पडलं?"

"मी मारला!"

"तू? बाकी सगळं भाजलं कुणी?"

"शेवटचा घाव कुणाचा?"

पडद्यावर बक्षीस आलं, राजाची तलवार. खाली ओळ उमटली: उचलण्यास बळ अपुरे. ताई हसता हसता बॅगेवरच बसली आणि तार तुटली. ठोक्यानं ती पुन्हा बांधून दिली.

गाडी गेल्यावर तो आत आला. अर्ध्या तलवारीशेजारी उभा होता. त्याला निदान गावात नेऊन ठेवावं म्हणून ठोक्यानं रिमोट दोन्ही हातांत धरला. अर्ध्या चार पावलं चालला आणि भिंतीला जाऊन भिडला. तेवढ्यात फोन वाजला.

"कुठे आपटलास?" ताईनं विचारलं.

"तुला कसं कळलं?"

"सांग ना, कुठे?"

"दरवाजाच्या उजवीकडच्या भिंतीवर."

"मग मागे घे. हळू. अंगठा टेकव फक्त, वेल्डिंग नाही करायचंय."

"आता तिथूनसुद्धा उंटावरून शेळ्या हाकणार का?"

"हाकणार. डावीकडे वळ."

तो उजवीकडे वळला.